‘आता नाही, मृगानंतर!’

भाजीबाजारातून ‘नाही’ हा शब्द हळूहळू नाहीसा होत चालला आहे. मे महिन्यात फ्लॉवर मागा, मिळतो. ऐन पावसाळ्यात गाजर मागा, मिळते. मटार तर गोठवलेल्या पुडीत बारा महिने हजर असतो. शेवंतीला पूर्वी थंडीची वाट पाहावी लागे. आता ती बिचारी वर्षभर हारात ओवलेली दिसते. मोबाईलवर बोट ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत भाजीची पिशवी दाराशी येते आणि ती आणणारा मुलगा आपण दार उघडायच्या आत जिना उतरूही लागलेला असतो. ही सोय आहे, आणि ती नाकारण्यात काही अर्थ नाही. ज्या घरात दोघेही सकाळी आठला बाहेर पडतात, त्या घराला कोणी पेन्शनराने आठवडे बाजाराचे माहात्म्य ऐकवू नये.

तरीही एक जागा अशी उरली आहे, की तिथे अजून ‘नाही’ असे स्पष्ट ऐकायला मिळते. ती म्हणजे शेतकऱ्याने स्वतःचा माल आणून मांडलेला आठवडे बाजार. तिथे चैत्रात एखाद्या बाईंना विचारा, ‘‘मावशी, कर्टुली आणलीत का?’’ त्या तुमच्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहतात आणि म्हणतात, ‘‘आता कुठली हो काका? आता नाही, मृगानंतर.’’ विषय संपला. माझे म्हणणे असे, की या बाजारात मिळणाऱ्या सगळ्या चांगल्या वस्तूंमध्ये हा नकार सर्वांत मोलाचा आहे. आणि तो टिकवायचा की नाही, हे ठरवणे शेतकऱ्यापेक्षा आपल्या, म्हणजे शहरी गिऱ्हाइकांच्या, हातात जास्त आहे.

आधी सुखाचे बोलू, मग हिशेबाचे.

आपल्याकडे वर्षाची ओळख कॅलेंडरच्या पानापेक्षा टोपलीवरून होत असे. गुढीपाडव्याच्या आगेमागे कैरी आणि मोगरा. मग करवंदे, जांभळे, फणस आणि अर्थातच आंबा. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो आणि ठाणे-रायगडच्या रानातून शेवळे येतात. ही शेवळे नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांच्यासोबत काकडाची आंबट फळे विकायला असतात. विकणाऱ्या ठाकर-कातकरी बायका तुम्ही न मागता ती वाट्यात टाकतात, कारण भाजीबरोबर तिची रीतही द्यायची असते, हे त्यांना ठाऊक असते. दुकानातल्या पुडीवर वजन, किंमत आणि तारीख असते. घसा खाजू नये म्हणून काय करावे, ते नसते. पुढे कर्टुली, भारंगी, फोडशी. श्रावणात सोनचाफा, जाई-जुई. भाद्रपदात केवडा, दूर्वा, पत्री आणि गौरीसाठी तेरडा. दसऱ्याला झेंडूचे ढीग. मग थंडी पडते आणि बाजाराला खरे वैभव येते: घेवडा, पावटा, ओला हरभरा, हुरडा, आवळे, बोरे, ऊस. भोगीची भाजी ही एक पाककृती आहे असे आपण मानतो. खरे तर ती पौषातल्या शिवाराची यादी आहे. जे जे त्या आठवड्यात शेतात तयार असते ते सगळे एका पातेल्यात घालायचे आणि तीळ लावलेल्या भाकरीबरोबर खायचे. सुगडातही तेच: हरभरा, बोर, ऊस, गाजर.

गंमत म्हणजे आपल्या सणावारांत नकारही पद्धतशीर बसवलेला होता. आषाढात कांदेनवमीला कांद्याचे हवे तेवढे प्रकार करून खायचे आणि मग चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा-वांगे बंद. ते वांगे पुन्हा भेटणार चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्यात. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातल्या आणि रानातल्या भाज्या एकत्र करायच्या. यामागे धर्म किती आणि शेतीचे व्यवहारज्ञान किती, हा वाद पंडितांनी घालावा. व्रते पाळणारा मी नव्हे. पण चार महिने दुरावलेल्या वांग्याचे भरीत आणि बारा महिने ताटात असलेल्या वांग्याचे भरीत यांच्या चवीत जो फरक पडतो, त्याला देव मानण्याची गरज नसते. जीभ पुरेशी आहे.

आता हिशेब. तेहतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. त्यातली आठ वर्षे मी ग्रामीण शाखांत होतो. सातबारे पाहिले, पीककर्जे मंजूर केली, थकबाकीच्या वसुलीला धुळीच्या रस्त्यांवरून जीपने फिरलो. शेतकऱ्याच्या हलाखीवर भाषणे करणारे पुष्कळ भेटतात, पण त्याच्या बाजारदिवसाचा जमाखर्च कागदावर मांडणारे थोडे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधाने तो मांडला आहे. त्यानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो एक रुपया मोजतो, त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. उरलेले पैसे वाहतूक, हमाली, अडत, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता आणि वाटेत सडलेला माल यांत जातात.

हे वाचले की आपल्याला लगेच दलालावर राग येतो. तो आवरलेला बरा. गावातला अडत्या काय करतो, हे मी जवळून पाहिले आहे. बँकेचे कर्ज कागदपत्रांनी येते आणि कार्यालयीन वेळेत येते. मुलगी रात्री दोनला आजारी पडली तर अडत्याचे दार वाजवता येते. तो उचल देतो, सगळा माल एका ढिगात घेतो, वाकडे वांगे आणि सरळ वांगे दोन्ही घेतो. या सोयीची किंमत तो जबर लावतो, हे खरे. पण त्याने बांधलेली व्यवस्था मोठी आहे आणि शहराची रोजची भूक आठवडे बाजारावर भागणार नाही. दहा एकर कांदा लावणाऱ्याला बाजार समितीच हवी. आठवडे बाजार हा त्या माणसाचा आहे, ज्याच्याकडे एक-दोन एकर आहे, बांधावर शेवगा आणि लिंबू आहे, वाफ्यात मेथी-कोथिंबीर आहे, चार ओळी शेवंतीच्या आहेत आणि कोणत्याही एका मालाची गाडी भरत नाही.

अशा शेतकऱ्याचा एक दिवस मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रमाण साधारण असेच पडते. समजा त्याने १५० किलो मिश्र भाजी आणली. सरासरी ४० रुपये किलोने १३० किलो विकली गेली, २० किलो उरली. जमा झाले ५,२०० रुपये. टेम्पोचा वाटा, जागेचे भाडे, चहापाणी आणि नवरा-बायको दोघांची दिवसाची मजुरी धरून खर्च २,००० रुपये. उरले ३,२००. हीच भाजी घाऊक बाजारात १८ रुपयांनी गेली असती तर २,७०० आले असते आणि भाडे-हमालीचे ५०० वजा जाता २,२०० उरले असते. म्हणजे दिवसभर उन्हात बसून आठवडे बाजाराने त्याला मजुरीच्या वर १,००० रुपये जास्त दिले.

आता आपण तिथे जातो आणि सवयीने म्हणतो, ‘‘पस्तीसला द्या हो!’’ प्रत्येक गिऱ्हाइकाने किलोमागे पाच रुपये कमी केले की ६५० रुपये गेले. हजारातले उरले साडेतीनशे. आणि समजा पाऊस आला, गिऱ्हाईक फिरकले नाही, १३० ऐवजी १०० किलोच माल खपला, तर ४,००० जमा, २,००० खर्च, उरले दोन हजार. घाऊक बाजारापेक्षा दोनशे रुपये कमी! असे लागोपाठ दोन-तीन रविवार झाले की तो माणूस पुन्हा दिसत नाही. आपण म्हणतो, ‘‘ते अंजीरवाले हल्ली येत नाहीत, नाही का?’’ येत नाहीत, कारण आपण नेमाने गेलो नाही. जो बाजार शंभर-दोनशे रुपयांच्या फरकावर उभा आहे, त्याला कौतुकापेक्षा नेम जास्त लागतो.

सरकारदरबारी या विषयाची जाण नाही असे नाही. आपल्याकडे कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. उघड्या लिलावाने आणि चोख मापाने शेतकऱ्याची फसवणूक थांबावी, हा त्याचा हेतू होता आणि तो काही अंशी सफलही झाला. पुढे थेट विक्रीचे प्रयोग इतर राज्यांनी केले. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ निघाली. १९९९ मध्ये आंध्रात ‘रयतु बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. नाव समर्पक आहे. अरणच्या या संताने आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. पंढरी तिथून फार दूर नसतानाही त्याला मळा सोडून जाण्याची निकड वाटली नाही, अशी त्याची कथा सांगतात.

मंडईच्या नावावरून आणखी एक गोष्ट आठवते. पुण्याची मुख्य मंडई १८८६ मध्ये झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिराव फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणावर लागावा, असे त्यांचे मत. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या आणि ज्यांच्या घराण्याला पेशव्यांना फुले पुरवण्यावरून ‘फुले’ हे आडनाव पडले, त्या माणसाचे नाव भाजी-फुलांच्या बाजाराला असावे, हे योग्यच. पण त्यांचा प्रश्न अजून जागेवर आहे: इमारत उभी राहते, तिचा फायदा पिकवणाऱ्याच्या पदरात किती पडतो?

हल्लीच्या आठवडे बाजारात हा प्रश्न वेगळ्या रूपाने दिसतो. ‘शेतकरी ते थेट ग्राहक’ अशी पाटी लावून बसलेले सगळेच शेतकरी नसतात. पहाटे घाऊक बाजारातून माल उचलायचा आणि सातला शेतकरी होऊन बसायचे, हा धंदा सोपा आहे. ओळखण्याची खूण मात्र साधी आहे. ज्याच्याकडे आल्यापासून सफरचंदापर्यंत पंचवीस जिनसा आहेत, त्याचे शेत कोणत्या जिल्ह्यात आहे ते विचारायला हरकत नाही. खऱ्या शेतकऱ्याकडे तीन-चार, फार तर सहा-सात जिनसा असतात. त्या दर महिन्याला बदलतात. आणि काही मागितले की तो ‘नाही’ म्हणतो. म्हणून मी म्हटले, की नकार ही त्या बाजाराची सचोटीची पावती आहे.

या नकाराचा गिऱ्हाइकाला फायदा काय? २०२३ चा जुलै आठवा. टोमॅटो शंभराच्या वर गेला आणि जणू देशावर संकट कोसळले. वर्तमानपत्रांत रोज भाव, दूरदर्शनवर चर्चा, घराघरांत चिंता. सप्टेंबर उजाडेपर्यंत तोच टोमॅटो इतका पडला, की शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. या दोन्ही टोकांमध्ये मला प्रश्न पडला होता तो वेगळाच: आमच्या आजीच्या आमटीत टोमॅटो होता कुठे? आंबटपणासाठी कोकणात आमसूल, देशावर चिंच, कैरीच्या दिवसांत कैरी. जुलैत दोडका, पडवळ, घोसाळे, भोपळा अशा वेलांच्या भाज्या असतात. आपण बारा महिने एकाच लाल रंगाची आमटी आणि भाजी करायची ठरवली आणि त्या हट्टाची किंमत कधी गिऱ्हाइकाने तर कधी शेतकऱ्याने भरली. ज्याला चार पर्याय ठाऊक आहेत, त्याला एका भाजीचा भाव ओलीस धरू शकत नाही.

नकारात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती बियाण्याची. बारा महिने एकसारखा, लांब टिकणारा, ट्रकमध्ये न फुटणारा माल हवा म्हटले की वाण थोडेच उरतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणी घरात जपली, त्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी आयुष्यभर ज्या बँकेत काम केले, तिच्यात ठेव म्हणून नोटा येत. राहीबाईंच्या बँकेत घेवडा आणि वाल येतात. पण कोणतीही बँक नुसत्या ठेवींवर चालत नाही. तिला उलाढाल लागते. गावठी वालाच्या शेंगा विकत घेणारे कोणी नसेल, तर ते बी मडक्यात पडून राहील. त्याला शेतात जागा मिळायची तर आधी आपल्या ताटात जागा मिळाली पाहिजे.

फुलांचे तर विचारूच नका. भाजी एक दिवस थांबते. मोगरा थांबत नाही. दसऱ्याच्या सकाळी चढ्या भावाने विकला गेलेला झेंडू संध्याकाळी जागेवरच टाकून शेतकरी गावी जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत देवळे बंद, लग्ने बंद. तेव्हा उभ्या फुलशेतीवर नांगर फिरवण्याची पाळी आली. आणि आता प्लास्टिकची फुले! गणपतीच्या मखराला, लग्नाच्या मांडवाला, दुकानाच्या दाराला तीच. ती सुकत नाहीत, एवढाच त्यांचा गुण. परवा एका वास्तुशांतीला गेलो होतो. दाराला प्लास्टिकच्या झेंडूचे तोरण आणि खाली खऱ्या पाच फुलांची पुडी देवापुरती. म्हणजे देवाला फसवायचे नाही, पाहुण्यांना चालेल!

पूर्वी पुण्या-मुंबईच्या वाड्या-चाळींत सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जाणारा माणूस असे. महिन्याचा हिशेब महिन्याला. आज काय फुले द्यायची, ते तो ठरवी, कारण ते त्या दिवसाचा बाजार ठरवी. श्रावणात पुडी फुगलेली, वैशाखात जेमतेम. कोणी तक्रार करीत नसे. आठवडे बाजारात मला तीच रीत पुन्हा आणावीशी वाटते: ‘‘पन्नास रुपयांची द्या, जी असतील ती.’’ एका फुलवाल्या ताईंना मी हे पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, ‘‘कोणती पण चालतील?’’ चालतील म्हटल्यावर त्यांनी इतकी काळजीपूर्वक निवड केली, की मी नावे सांगून घेतली असती तर तेवढी चांगली फुले मिळाली नसती. त्या दिवशी पुडीत तगर होती, थोडा गावठी गुलाब होता आणि मरवा होता. मरव्याची काडी मी कित्येक वर्षांत हातात धरली नव्हती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हे सगळे रिकामटेकड्या निवृत्तांचे चोचले, आम्हाला वेळ कुठे आहे? मान्य. रोज जमणार नाही. पण आठवड्याच्या सात दिवसांतला एक दीड तास आणि भाजीच्या महिन्याच्या खर्चातला चौथा हिस्सा, एवढे बहुतेक मध्यमवर्गीय घरांना जमण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप असा, की हा बाजार महाग असतो. काही ठिकाणी ‘सेंद्रिय’ या शब्दाने तो केलाही आहे. पण ज्या मोसमात जे मुबलक पिकते, ते आठवडे बाजारात स्वस्तच असते. महाग पडते ते अवेळी मागितलेले.

मात्र सगळे ओझे गिऱ्हाइकावर टाकून चालणार नाही. आमच्या भागातला शेतकऱ्यांचा बाजार सहा वर्षांत तीन जागी फिरला. आधी मैदानात, मग ते मैदान कशासाठी तरी आरक्षित निघाले म्हणून पुलाखाली, मग वाहतुकीला अडथळा म्हणून एका शाळेमागच्या गल्लीत. दर स्थलांतरात निम्मे गिऱ्हाईक गळाले आणि काही शेतकरीही. शहराचे नाव सांगत नाही, कारण कोणतेही नाव घातले तरी चालेल. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना मानतो: जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षे आपसूक जमतात, त्या जागेला अर्थ आहे. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत आणि त्या त्या वारी तिथे बाजार भरत असे, असे सांगतात. म्हणजे एके काळी बाजार आधी होता आणि शहर त्याच्याभोवती वसले. आता शहर आधी वसते आणि बाजाराला अतिक्रमण म्हणते.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून सहा तासांसाठी एक ठरलेली, न बदलणारी जागा; तिथे सावली, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. चार तास टेम्पोत आणि सहा तास रस्त्यावर बसणाऱ्या बाईला याची किती गरज असते, हे सांगायला लागू नये. विक्रेता खरोखर पिकवतो की नाही, हे पाहायला सातबाऱ्याची एक प्रत आणि वर्षातून एकदा शेताला भेट पुरे. ही तपासणी ग्राहकांच्या समितीनेही करता येईल. निवृत्त बँक अधिकारी अशा कामाला फुकट आणि उत्साहाने मिळतात. संध्याकाळी उरलेला माल जवळच्या वसतिगृहाने किंवा खानावळीने ठरलेल्या भावाने उचलावा, एवढी सोय झाली तरी वर मांडलेल्या हिशेबातले ते दोनशे रुपयांचे नुकसान भरून निघेल.

आपल्या बाजूने करायच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. यादी न करता जावे. भाव विचारावा, पाडून मागू नये. आज काय चांगले आहे, ते विकणाऱ्यालाच विचारावे आणि कसे करायचे, तेही विचारावे. सुट्टे जवळ ठेवावे. हल्ली त्या मावशींच्या तराजूलाही पैसे घेण्याचा काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो, तेव्हा तीही सबब उरलेली नाही. आणि पाऊस पडत असेल त्या रविवारी तर जरूर जावे, कारण त्या दिवशी आपली किंमत सर्वांत जास्त असते.

कर्टुली मृगानंतर येतात. शेतकऱ्याने तसे सांगितले आहे आणि तो त्या वेळी घेऊन येईलच. तेव्हा आपण तिथे असलो म्हणजे झाले.